बडतर्फीचं वेळापत्रक

भोकरच्या बसस्थानकात नांदेडची गाडी कधी लागेल, हे चौकशी खिडकीतला माणूस सांगतो; कधीकधी बरोबरही सांगतो. बडतर्फ झालेला कंडक्टर कामावर परत कधी येईल, हे मात्र त्याला विचारू नका. ते वेळापत्रक मुंबईत ठरतं आणि सरकार बदललं की बदलतं.

2021 चा संप आठवा. मागणी एकच, एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण. सरकार महाविकास आघाडीचं. परिवहनमंत्री अनिल परब कामावर यायची शेवटची मुदत द्यायचे, ती संपली की आणखी एक शेवटची. यात्रेला सोडाव्यात तशा जादा मुदती सुटत होत्या. निलंबन आणि बडतर्फीचे आकडे हजारांत गेले. भाजपचे गोपीचंद पडळकर आणि त्यांच्या जोडीला सदाभाऊ खोत आझाद मैदानात संपकऱ्यांशेजारी मांडी घालून बसले. नोव्हेंबरात पगारवाढ जाहीर झाली, तसे दोघेही उठले. संपकरी बसूनच राहिले.

7 एप्रिल 2022 ला उच्च न्यायालयानं 22 तारखेपर्यंत रुजू व्हायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी शरद पवारांच्या मुंबईतल्या घरावर जमाव चालून गेला. त्या प्रकरणात 118 कर्मचारी बडतर्फ झाले. जूनअखेर सरकार पडलं, ऑक्टोबरात त्या 118 जणांना परत घ्यायचं ठरलं. प्रकरण तेच, माणसं तीच. ज्यांच्या घरावर ती गेली होती ते आता विरोधी पक्षात होते, एवढाच काय तो नवा पुरावा! (नोकरी गेली ती बरोबर की परत मिळाली ती बरोबर, हे कुणीच सांगितलं नाही.)

आता भोकरचं. संपाच्या काळात आमचे आमदार अशोक चव्हाण त्याच मंत्रिमंडळात सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. फेब्रुवारी 2024 मध्ये ते भाजपमध्ये गेले. सेवेत एका दिवसाचा खंड नाही, ज्येष्ठता शाबूत, आणि दुसऱ्याच दिवशी राज्यसभेची उमेदवारी. विलीनीकरण करावं तर असं! डेपोतल्या पोरांनी उगाच मैदानात थंडी खाल्ली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या कन्या श्रीजया भोकरमधून कमळावर निवडून आल्या. पडळकर आणि खोत दोघेही आज सत्ताधारी बाकांवर आमदार आहेत. एसटी महामंडळ मात्र महामंडळच आहे.