जागृत देवस्थान, जिल्हा आव्हेरों

रोमानेस्क आणि गॉथिक यांतला फरक आपल्याला कळतो, ही गोष्ट जगापासून लपवून ठेवणं मला फार जड जातं. नवऱ्याच्या विमानांच्या नोकरीपायी आम्ही तुलूजला राहायला आलो. पहिल्याच हिवाळ्यात मी मध्ययुगीन चर्चांवरचा एक जाडजूड ग्रंथ विकत घेतला आणि तेव्हापासून आमच्याकडचा एकही पाहुणा शांतपणे जेवून गेलेला नाही. कमान गोल असेल तर रोमानेस्क, टोकदार असेल तर गॉथिक, एवढं सांगून मी थांबत नाही. बर्गंडीतल्या रोमानेस्क चर्चांनाही टोकदार कमानी असतात, हेही सांगते. मग समोरचा विचारतो, "मग ओळखायचं कसं?" त्या प्रश्नाचीच मी वाट बघत असते. "डोळा तयार व्हावा लागतो," असं म्हणते आणि भात वाढते.

यंदा ताई आली. माहेर दोघींचंही कोल्हापूर. फरक एवढाच की ती अजून कोल्हापूरची आहे आणि मी कोल्हापूरची होते. तिची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे समोरच्याच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते ती ऐकता ऐकताच शोधत असते. पॅरिस तिनं मागे एका सहलीत उरकलं होतं. तेव्हा मी जाहीर केलं की आपण सहलीच्या बसेस जात नाहीत त्या फ्रान्समध्ये जायचं. लॉट नदीच्या काठाकाठानं एस्पालियों, एस्तँ, आँत्रेग आणि शेवटी काँक.

"बसेस का जात नाहीत?" ताईनं विचारलं. याचं उत्तर ग्रंथात नव्हतं.

ग्रंथात आणखी एक गोष्ट नसते. खेड्यातल्या चर्चच्या खांबावर कुठला राक्षस कुणाला खातोय ते असतं, भिंतीतला दगड कुठल्या खाणीतला ते असतं. दाराला कुलूप असतं, हे मात्र नसतं. १९०५ च्या कायद्यानं फ्रान्समध्ये राज्य आणि धर्म यांची फारकत झाली, आणि खेड्यापाड्यांतली जुनी चर्चं गावाच्या मालकीची राहिली. म्हणजे आतला देव पाद्रीबुवांचा आणि वरचं छप्पर मेअरचं. देशात अशी गावं ३५ हजारांच्या आसपास. पाद्रीबुवा तेवढे नाहीत. एकेकाकडे कितीतरी गावं असतात, त्यामुळे ते नेहमी दुसऱ्या गावात असतात. मेअरचं ऑफिस मंगळवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी उघडतं, आणि आपण गुरुवारी पोचतो.

वाटेतल्या एका गावात दारावर चिठ्ठी होती: चावी निळ्या खिडक्यांच्या घरात मिळेल. गावातल्या सगळ्या घरांच्या खिडक्या निळ्या होत्या. मी मनातल्या मनात एक नम्र, व्याकरणशुद्ध, संकेतार्थी वाक्य जुळवत होते. तोवर ताई समोरच्या घराची बेल वाजवून मोकळी झाली होती. दार उघडल्यावर तिनं आधी नमस्कार केला आणि मग हवेत किल्ली फिरवली. आतली आजी हसली, वितीएवढी लोखंडी किल्ली घेऊन आली आणि ताईचा हात धरून चालायला लागली. मी मागून, व्याकरणासह.

आत गेल्यावर मी खांबाच्या माथ्याकडे बोट दाखवून बाराव्या शतकाबद्दल काहीतरी बोलले. आजींनी "हो का" असं म्हटलं. त्यांना दाखवायचं होतं ते वेगळंच होतं. वेदीवरची फुलं त्यांनी सकाळीच बदलली होती, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात छप्पर गळत होतं तिथे बादली ठेवली होती. ताईनं फुलं पाहिली, बादली पाहिली, वर पाहिलं आणि मराठीत म्हणाली, "कौलं सरकल्यात. माकडं असतील." आजी फ्रेंचमध्ये म्हणाल्या की पैसे मंजूर झालेत, पण कारागीर येत नाही. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली. भाषांतराची गरज कुणालाच पडली नाही, हे मला जरा लागलं.

एस्तँला नदीकाठी बसलो. वर किल्ला, खाली गॉथिक पूल, मधून संथ लॉट. याच नदीवरून एके काळी खालच्या अंगाला कोळसा आणि काओरची वाइन बोर्दोकडे जायची, असं मी सुरू केलं होतं. ताई मात्र उठून पाण्यापाशी गेली. "घाट कुठंय?" म्हणाली. घाट नव्हता. गवत थेट पाण्यात उतरत होतं. तिनं चप्पल काढली, पाय घातले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पंचगंगेत आता पाय घालवत नाही गं." मला चीड आली. नदीची नाही, ताईची नाही. कुणाची ते कळेना, म्हणून मी तिला एस्तँच्या त्या बिशपबद्दल सांगितलं ज्यानं रोदेझच्या कॅथेड्रलचा ८७ मीटर उंच मनोरा बांधवला. ती "हां" म्हणाली. पाय तसेच.

आँत्रेगला त्र्युयेर नदी लॉटला येऊन मिळते. तिथे आम्ही जेवायलाही थांबलो नाही, कारण फ्रान्समध्ये जेवण बाराला सुरू होतं आणि आम्ही दोनला पोचलो होतो.

काँकच्या वाहनतळावर बसेस होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

चर्चच्या पश्चिम दारावर अंतिम निवाड्याचं शिल्प आहे, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, १२४ आकृत्यांचं. इथे मी साधारण पाऊण तास घेते. डाव्या हाताला स्वर्ग, उजव्या हाताला नरक, मध्ये ख्रिस्त. त्यानं उजवा हात वर केलाय, डावा खाली. स्वर्गात सगळे नीट रांगेत, चेहऱ्यावर कंटाळा. नरकात गर्दी आणि उत्साह. गळ्यात थैली अडकवलेला कंजूष फासावर लटकतोय, गर्विष्ठ सरदार घोड्यावरून उलटा पडतोय. चौकटीच्या दगडी पट्टीमागून छोटी छोटी डोकी हे सगळं डोकावून बघतायत. त्यांना मी मनातून सहव्यावसायिक मानते. एवढं मी बोलेपर्यंत ताईनं नेमकं हवं ते शोधलं. मधोमध आत्म्यांचा तराजू आहे. एका बाजूला देवदूत मायकेल, दुसऱ्या बाजूला सैतान.

"काट्यावर बोट ठेवतोय बघ तो," ताई म्हणाली. "आणि तो देवदूत त्याच्या तोंडाकडं बघत बसलाय. पारड्याकडं बघायला नको?"

सैतान खरोखरच पारडं दाबतोय. पुढे तिला हातात उघडी वही धरलेला देवदूत दिसला आणि तिचा या धर्मावर एकदम विश्वास बसला.

आता सँत फ्वा. इथे कुणी मला थांबवू नये, कारण या बाईसाठी, खरं तर या मुलीसाठी, मी वाटेल त्याचं जेवण थंड करू शकते. आजँ गावची ही बारा-तेरा वर्षांची पोर, रोमन अमलात धर्म सोडेना म्हणून मारली गेली, अशी कथा. तिच्या अस्थी काँकला एका मूर्तीत ठेवल्या आहेत: ८५ सेंटिमीटर उंच, आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा, अंगभर रत्नं, सिंहासनावर बसलेली, डोळे वटारून. ताई काचेपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "चेहरा बाप्याचा वाटतोय." माझ्या ग्रंथात याच गोष्टीला दीड पान आहे: डोकं मूर्तीपेक्षा कितीतरी जुनं, रोमन काळाच्या अखेरचं, बहुधा कुठल्या तरी सम्राटाचं, इथे परत वापरलेलं. ते दीड पान मी पाठ केलं होतं. ताईनं ते कुणाला न विचारता तीन शब्दांत संपवलं.

या मुलीला दागिन्यांचं भारी वेड. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्नार नावाचा एक विद्वान अँजेहून इथे आला. शार्त्रच्या मोठ्या शाळेत शिकलेला, उत्तरेकडचा, अहंकारी. वाटेत ओरियाकला संताची सोन्याची मूर्ती बघून तो सोबत्याच्या कानात लॅटिनमध्ये कुजबुजला की ज्युपिटरला किंवा मार्सलाही हे शोभलं असतं. लॅटिनमध्ये अशासाठी, की शेजारच्या खेडुतांना कळू नये. मी चर्चमध्ये मराठीत कुजबुजते ते याच कारणानं, त्यामुळे बर्नारवर माझा जीव आहे. हाच बर्नार काँकला आला, आधी नाक मुरडलं, मग विरघळला आणि त्यानं सँत फ्वाच्या चमत्कारांची बखरच लिहिली. डोळे काढलेल्या माणसाला तिनं दृष्टी दिली. मेलेलं खेचर उठवलं. कैद्यांना सोडवलं, त्यांच्या बेड्या वितळवून गाभाऱ्याभोवतीची लोखंडी जाळी केली, असं सांगतात. आणि ती स्वप्नात येऊन बायकांकडे दागिने मागायची. तुलूजच्या काउंटच्या बायकोकडे तिनं सोन्याची कंकणं मागितली. बाईनं सांगितलं, देते, पण मला मुलगा हवा. सौदा ठरला. मुलगे दोन झाले. या असल्या लीलांना गावकरी सँत फ्वाची थट्टा म्हणायचे.

"म्हणजे नवसाला पावते," ताई म्हणाली. "जागृत आहे."

मग मी माझी आवडती गोष्ट सांगितली. एका बाईनं मरताना आपली अंगठी सँत फ्वाला वाहीन असं कबूल केलं. ती गेली. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि तीच अंगठी नव्या बायकोच्या बोटात घातली. बोट सुजलं. अंगठी निघेना, वेदना थांबेनात. शेवटी दोघं काँकला आली, रात्रभर मूर्तीपुढे बसली. सकाळी त्या बाईनं नाक शिंकरलं, आणि अंगठी सटकन उडून फरशीवर पडली.

ताई इतकी हसली की तिकीटवाल्या बाईनं बघितलं. मग डोळे पुसत ती म्हणाली, "पण ही आजँची होती ना? इथं कशी आली?"

चोरून आणली. नवव्या शतकात काँकचा मठ गरीब होता. यात्रेकरू ओढून आणेल असा संत त्यांच्याकडे नव्हता. मग त्यांनी आपला एक साधू आजँला पाठवला. तो तिथे नवखा म्हणून राहिला, मिळेल ते काम केलं, विश्वास कमावला. दहा वर्षांनी त्याला थडग्याच्या राखणीवर नेमलं. एका रात्री थडगं फोडून तो अस्थी घेऊन पळाला. मग काँककर म्हणायला लागले की तिलाच यायचं होतं. संताच्या मर्जीविरुद्ध त्याला कोण हलवणार? हे मी नेहमी हसण्यासाठी सांगते.

ताई हसली नाही. "चोरी कसली त्यात? दहा वर्षं सेवा केली की त्यानं."

आई शेवटची कितीतरी वर्षं ताईकडे होती, अर्धांगाच्या झटक्यानंतर पूर्ण अंथरुणावर. मी दर रविवारी व्हिडिओवर यायचे आणि फोन फिरवून तिला कमानी दाखवायचे. ती गेल्यावर तिच्या पाटल्यांचा विषय निघाला तेव्हा दागिन्यांत मला रस नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. बाणेदारपणा माझ्या वाट्याला आला आणि "पाटल्या थोरलीनं ठेवून घेतल्या" हे वाक्य तिच्या. पाटल्या तेव्हापासून बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. ताईनं त्या एकदाही घातलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी फ्रेंच राज्यक्रांतीकडे वळले. त्या धामधुमीत चर्चचं सोनं वितळवायला नेतील या भीतीनं काँकच्या लोकांनी खजिना घराघरांत वाटून घेतला. कुणी बागेत पुरला, कुणी चेस्टनट वाळवायच्या खोपटात दडवला. धामधूम ओसरल्यावर सगळा परत आणून दिला.

"पावत्या केल्या होत्या?"

"नाही."

"आणि सगळं परत आलं?" हिशेब तपासनिसाला हा चमत्कार खेचर उठवण्याहून मोठा वाटला. जरा वेळानं म्हणाली, "आपली अंबाबाई नव्हती का पुजाऱ्याच्या घरात लपवलेली." १७१५ साली मूर्ती पुन्हा देवळात बसवली, तोवर ती तशीच होती. "सांभाळायला कुणाकडं द्यायचं ते देवीला कळतं," ताई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर मी तिला चर्चच्या खिडक्या दाखवल्या. पिएर सूलाज, जवळच्या रोदेझचाच चित्रकार, जन्मभर काळ्या रंगात काम केलेला. त्यानं १९९४ मध्ये इथल्या १०४ खिडक्यांना रंग नसलेली काच बसवली. ती पारदर्शक नाही, पण उजेड आत घेते आणि उन्हाप्रमाणे छटा बदलते. मी आवाज खाली आणून म्हटलं, "इथे खरा डोळा तयार व्हावा लागतो."

"काचा पुसायच्या राहिल्यात का?" ताईनं विचारलं. गावातल्या लोकांनाही सुरुवातीला त्या आवडल्या नव्हत्या, हे मी तिला सांगितलं नाही.

परतताना दुर्दू नदी बाजूनं वाहत होती, तांबड्या दगडातून आलेलं लालसर पाणी घेऊन. ताई फोनवर कुणाला तरी सांगत होती की गोल कमान असली की रोमानेस्क, पण त्यावर जाऊ नका, डोळा तयार लागतो. फोन ठेवून ती म्हणाली, "दिवाळीत आलीस की लॉकर उघडू. एक पाटली तुला, एक मला."

"एक पाटली कशी घालायची?"

"तुला कुठं घालायचीय? ठेव."

"आणि नको म्हटलं तर?"

"तर येईल स्वप्नात."

"कोण? आई की सँत फ्वा?"

"जी मोकळी असेल ती. मनगट सुजल्यावर मग बस नाक शिंकरत."