गुणवत्तावर्धनाची सरकारी तजवीज

जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींची गुणवत्ता वाढली पाहिजे, याविषयी महाराष्ट्रात दुमत नाही. किंबहुना शासन, लोकप्रतिनिधी आणि ज्यांची स्वतःची मुले त्या शाळांची पायरी कधी चढली नाहीत अशी सुविद्य मंडळी यांचे या एका प्रश्नावर जे मतैक्य आढळते, ते अन्य सार्वजनिक प्रश्नांच्या वाट्यास क्वचितच आले असेल.

गुणवान माणसे या पेशाकडे आकृष्ट व्हावीत म्हणून 2000 साली शिक्षणसेवक हे पद निर्माण करून नवागताने तीन वर्षे मानधनावर सेवा करावी असे ठरले. आणि द्रव्यलोभाने त्याची ज्ञानसाधना मलिन होऊ नये म्हणूनच की काय, 2023 साली प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन 16,000 रुपये होण्यापूर्वी कित्येक वर्षे ते दरमहा 6,000 रुपयांवर मोठ्या निग्रहाने रोखून धरण्यात आले.

मध्यंतरी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 27 व्या कलमात गुरुजींस अशैक्षणिक कामांतून मुक्त केले व जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढेच अपवाद राखले. आता निवडणुका आपल्याकडे ऋतूंच्या नियमिततेने येतात, आणि दोन निवडणुकांमधला काळ मतदारयाद्यांच्या दुरुस्तीत सत्कारणी लागतो, हा काही कायद्याचा दोष नव्हे. उरलेल्या वेळात पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, पोर्टलवरील तक्ते आणि ‘माहिती निरंक असल्यास तसे आजच कळवावे’ हे केंद्रप्रमुखांचे फर्मान यांची वासलात लावायची असते. दुशिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीस गेले असता दुसरे चार इयत्ता एकत्र बसवून, मुलांस पाढे म्हणावयास सांगून, जेव्हा तक्त्यात ‘निरंक’ असे लिहीत असतात, तेव्हा गुणवत्तेचा अहवाल मात्र परिपूर्ण होत असतो.

गुरुजी मुख्यालयी राहतात की नाही, हे पाहण्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाची तजवीज आहे. आणि वर्गात उभे असलेले गृहस्थ तेच की कोणी भाडोत्री बदली, हे ओळखता यावे म्हणून 2022 साली ‘आपले गुरुजी’ या नावाखाली त्यांचे ए-फोर आकाराचे छायाचित्र वर्गात लावण्याचा आदेश निघाला.

या छायाचित्राचा शासनाने अधिक गांभीर्याने विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ते अहोरात्र मुख्यालयी राहते आणि त्यासाठी ठराव लागत नाही. घरभाडे भत्ता मागत नाही. त्यास मतदान केंद्रावर धाडता येत नाही. शाळेच्या वेळेत वर्गात अखंड हजर असलेली गुरुजींची एवढीच प्रत आज उपलब्ध असल्यामुळे गुणवत्तावर्धनाचे यापुढील प्रशिक्षण तिलाच द्यावे, म्हणजे मूळ गुरुजी तेवढा वेळ माहिती भरण्यास मोकळे राहतील.