फुटाले दोन इंच

दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात एक माणूस राहतो. तो इमारतीपासून काही मीटरवर उभा राहून मान वर करून बघतो. त्याला नाव नाही, कामधंदा नाही, इमारतीत ओळखीचं कुणी नाही. उन्नत कोन मात्र दर वेळी 30, 45 नाहीतर 60 अंश. एकतीस अंशांतून त्याने जगाकडे कधी पाहिलेलं नाही. त्याच्या शेजारी वादळाने झाड मोडतं, शेंडा जमिनीला टेकतो, आणि रस्ता मोकळा करायचं सोडून लोक विचारतात, झाड मुळात किती उंच होतं?

"सर, याचा उपयोग काय?" मी विचारलं होतं.

"इंजिनिअर झालास की कळेल."

मी बँकेत लागलो. विषय मिटला.

खरं तर आमचं गाव हिंगणघाट. 1802 साली मद्रासहून त्रिकोण मोजत निघालेला विल्यम लॅम्ब्टन, सुमारे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून वाहवत इथवर आला आणि 1823 मध्ये इथेच वारला. कबरही इथेच आहे. त्याने सुरू केलेल्या त्याच मोजणीतून पुढे राधानाथ सिकदारांनी शिखराला पाय न लावता एव्हरेस्टची उंची काढली. एवढा मोठा माणूस ज्या गावाच्या मातीत निजलाय, त्या गावात मला त्रिकोणमितीत दोन मार्क. तेही आकृतीचे.

यंदा गच्चीवर पत्र्याचं शेड घालायचं ठरलं. रुंदी बारा फूट. लेक दहावीत, म्हणून तिच्यासमोर जरा छाप पाडावी म्हटलं. उतार 10 अंश धरला, मोबाइलवर टॅन काढला, बाराने गुणलं आणि वेल्डिंगवाल्या मिस्त्रीला हुकूम सोडला, "मागची बाजू पावणेआठ फूट उचला."

त्याने तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "साहेब, पत्रे टाकाचे हायेत का घसरगुंडी बनवाची हाये?"

लेकीने मोबाइल हातातून काढून घेतला. "बाबा, हा रेडियनवर आहे. तुमचे 10 म्हणजे एक अख्खी गिरकी आणि वर 213 अंश." तिने बटण दाबलं. दोन फूट एक इंच.

"मी तं दोन फूटच धरले व्हते," मिस्त्री म्हणाला. "फुटाले दोन इंच. पाणी थांबत न्हाई."

"मग पत्रा किती लांबीचा लागेल?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वहीच्या मागच्या पानावर बाराचा वर्ग, दोनाचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ असं उरकलं. तोवर मिस्त्रीने वरच्या पाइपापासून खालच्या पाइपापर्यंत टेप ताणला होता.

"बारा फूट दोन इंच," दोघं एकदमच म्हणाले.

मग पत्रा बाहेर किती काढायचा यावर त्यांचं बोलणं सुरू झालं. त्यात मला कुणी काही विचारेना. मी चहा सांगायला खाली गेलो.