कॅटोबा

प्रत्येक सोसायटीत एक कॅटोबा असतोच. इंजिनिअरिंग उरकलेलं, नोकरी हिंजवडीत, मन अहमदाबादेत. आयआयएमची प्रवेशपरीक्षा कॅट असते नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. ऑगस्टमध्ये फॉर्म भरला की तो घरात जाहीर करतो, "आता सीरियस." मग गणपती येतात, वर्गणी कोण गोळा करणार? मग नवरात्र, मग दिवाळी. दिवाळीनंतर उरलेल्या दिवसांत काय होणार, म्हणून तो पुढच्या वर्षाचं नियोजन हाती घेतो. नियोजनात त्याचा हात धरणारा कुणी नाही. कोणत्या मॉकमध्ये कितव्या मिनिटाला कुठलं गणित चुकलं, हे एक्सेलमध्ये लाल-हिरव्या रंगांत नोंदलेलं असतं. फक्त ते गणित पुन्हा सोडवायचं राहून जातं.

नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड इझी' उशाशी असतं. पण प्रत कशी, तर माणसांच्या स्वभावांचं सुरुवातीचं प्रकरण पिवळ्या मार्करनं न्हालेलं, पुढचं पुस्तक कोरं करकरीत. त्यामुळे लोकांना इंग्रजीत नावं ठेवणं त्याला उत्तम जमतं. लग्नाचा तिटकारा असल्याचं त्यानं स्थळ घेऊन आलेल्या काकूंना सांगून टाकलं, "काकू, सध्या मी मिसोगॅमिस्ट आहे."

"अगंबाई, बढती मिळाली का?" काकू हरखल्या.

खरी गंमत मामेबहिणीच्या केळवणाला झाली. टेबल गोल, माणसं आठ. आत्या मावशीशेजारी बसत नाही, काकांना पंख्याखालचीच खुर्ची लागते, मामांना आत्या समोर नको आणि नवरीमुलीच्या शेजारी सगळ्यांनाच बसायचंय. कॅटोबाचे डोळे चमकले. कॅटच्या डीआयएलआर विभागातला, तर्ककोड्यांचा अस्सल सेट! त्यानं कागद घेतला, वर्तुळ काढलं, खुर्च्यांना क्रमांक दिले. वरण निवलं. शेवटी तो गंभीरपणे म्हणाला, "हा सेट सोडून द्यायचा असतो. चाळीस मिनिटांत कुठला सोडायचा, हीच खरी कला." तोवर आजींनी आत्याला "तुझ्या हातची चव नाही गं कुणाला" म्हणून पुरणपोळ्या लाटायला आत पाठवलं होतं. बाकीचे जेवायलाही बसले.

निकालाच्या दिवशी घरात दोन ऋतू एकदम येतात. 91 पर्सेंटाइल पाहून कॅटोबा अंथरुणात तोंड खुपसून पडतो आणि बाबा जिन्यात पेढे वाटत सुटतात, "एक्क्याण्णव टक्के!" 2024 साली कॅटला सुमारे 2.93 लाख मुलं बसली होती. म्हणजे या एक्क्याण्णवच्या पुढे सव्वीस हजारांची रांग, हे बाबांना कोण समजावणार? मी तरी नाही. पेढे चितळ्यांचे होते.

अपयशाची कारणं त्याच्यापाशी तयार असतात. खुला प्रवर्ग, त्यात इंजिनिअर, त्यात मुलगा. शिवाय काही आयआयएम दहावी-बारावीचे मार्कही जमेस धरतात, म्हणजे पंधराव्या वर्षी भूमितीत सांडलेले मार्क आजही भोवतात. सगळं एकवेळ सोडा, पण परीक्षा तीन स्लॉटमध्ये होते आणि अवघड पेपर नेमका त्याच्याच स्लॉटला येतो. नॉर्मलायझेशनवर त्याचा काडीचा विश्वास नाही.

यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला आयआयएम कलकत्त्याला प्रवेश मिळाला. तयारी कॅटोबाच्याच नोट्सवर केलेली. तिची आई पेढे घेऊन आली, डोळ्यांत पाणी. "तुझ्यामुळे झालं रे बाबा सगळं!"

कॅटोबानं पेढा तोंडात टाकला, क्षणभर हिशेब केला आणि विचारलं, "स्लॉट कुठला होता तिचा?"