झीलाटेकचे इशारे: नवशिक्यांसाठी सोपी पाठावली

इंग्रजी प्रबंधात मराठी उतारे घालायचे म्हणून पीडीएफ-लाटेक सोडून झीलाटेककडे वळणाऱ्यांसाठी.

साहित्य: एक जुनी फाइल, एक देवनागरी फॉन्ट आणि प्रबंध सादर करायची तारीख. तारीख उद्याचीच असावी. एरवी असल्या कामाला कोणी हात लावत नाही.

पायरी 1. जुनी फाइल जशीच्या तशी नव्या इंजिनावर चालवा. इशाऱ्यांची रांग लागेल. घाबरू नका. चूक झाली की काम अडते. इशारा आला की काम चालू राहते, फक्त रक्तदाब वाढतो.

पायरी 2. ‘इनपुटएन्क’ नावाचे पॅकेज कुरकुरेल की, माझ्याकडे दुर्लक्ष होते आहे. ते खरेच आहे. झीलाटेकमागचे इंजिन, म्हणजे जोनाथन क्यू यांनी 2004 मध्ये आणलेले झीटेक, थेट युनिकोड वाचते. मध्ये दुभाष्या लागत नाही. ती ओळ खोडा. निरोप समारंभ नको.

पायरी 3. ‘ओव्हरफुल एचबॉक्स’, म्हणजे ओळ समासाबाहेर गेल्याची तक्रार. किती? 1.2 पॉइंट. इंचात 72.27 पॉइंट असतात, तेव्हा हे अतिक्रमण अर्ध्या मिलिमीटरचेही नाही. पण डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहून, वैतागून टेक लिहायला घेतले. तो वैताग अजून प्रोग्राममध्ये आहे. आकडा 20च्या पुढे गेला तरच उठा. पॉलिग्लॉसिया या पॅकेजमधून मराठी भाषा जोडली की लांबलचक शब्द योग्य जागी तुटतात आणि निम्मी भांडणे मिटतात.

पायरी 4. ‘लेबले बदलली असावीत, पुन्हा चालवा’ असे झीलाटेक म्हणाले तर पुन्हा चालवा. वाद घालू नका.

पायरी 5. आता लॉग फाइलमध्ये ‘वॉर्निंग’ शब्द शोधा. काही सापडले नाही ना? मग आता काळजी करा. लाटेकच्या नेहमीच्या लॅटिन मॉडर्न फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मराठी उताऱ्याला वेगळा फॉन्ट नेमला नसेल, तर झीलाटेक तो उतारा गाळून पुढे जाते. लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी नोंद होते. तिच्यात ‘वॉर्निंग’ हा शब्दच नसतो. अर्ध्या मिलिमीटरसाठी बोंब आणि अख्ख्या ओवीसाठी पुटपुट. गरजेल तो पडेल काय! तेव्हा इशारे आवाजावरून नव्हे, नुकसानीवरून जोखा.

पायरी 6. काही गोष्टींना तर पुटपुटही नसते. फॉन्ट नेमताना भाषा ‘मराठी’ असे सांगितले नाही, तर बऱ्याच फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. यंत्राच्या लेखी सारे आलबेल असते.

पायरी 7. पीडीएफ उघडा आणि वाचा. सगळी पाने. ही पायरी ऐच्छिक आहे; ती गाळल्यास गायब ओव्या शोधण्याचा मान व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांना मिळतो.