काहीच करायचं नसतं

‘काहीच करायचं नसतं’ असं म्हणणारा पुरुष तुमच्या ओळखीत नाही, असं म्हणू नका. पुण्यात तो मिसळीबद्दल म्हणतो, दादरला उकडीच्या मोदकांबद्दल म्हणतो, आमच्या सिॲटलकडे सॅमनबद्दल म्हणतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी सॉफ्टवेअरची, घर बेलव्ह्यूला नाहीतर बॉथेलला, आणि आपल्या घराला एक स्वयंपाकघरही आहे हा शोध करोनात घरी बसल्या बसल्या लागलेला. आमच्याकडच्या या जमातीच्या म्होरक्याला सगळे भाऊ म्हणतात. मीही म्हणते.

भाऊ भेटले की आधी हवापाण्याचं बोलणं होतं. इथे ते लवकर आटोपतं, कारण पाऊस. मग भाऊ विचारतात, “कामाच्या दिवशी रात्री जेवायला काय करता?” तुम्ही खरं सांगितलंत, म्हणजे ‘वरणभात’ म्हणालात, की ते तुमच्याकडे कणवेनं बघतात. “सॅमन करत जा हो. काहीच करायचं नसतं. तुकडे घ्यायचे, मॅरिनेशन चोळायचं, ओव्हनमध्ये सारायचे. दहा मिनिटं. काहीच करायचं नसतं.” हे ते संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातात असताना म्हणाले. एका डोहाळजेवणात प्रत्यक्ष उत्सवमूर्तीला म्हणाले. तिला तेव्हा तिसऱ्यांदा मळमळत होतं. एकदा आम्ही चार-पाच जण एका अंत्यविधीहून परतत होतो. “आता घरी जाऊन कोण स्वयंपाक करणार,” असं कोणीतरी नुसतं पुटपुटलं, आणि मागच्या सीटवरून, योग्य त्या दबक्या आवाजात, सॅमन आला.

या ‘काहीच’मध्ये काय काय बसतं ते मला ठाऊक आहे, कारण आम्हाला भाऊंकडे जेवायला बोलावतात.

पहिली अडचण वारांची. भाऊ रेवदंड्याचे, घरात वार कडक. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. कामाच्या दिवसांपैकी उरले बुधवार आणि शुक्रवार. शुक्रवारी मुलाला पिझ्झा लागतो. बुधवारी रात्री भाऊंची हैदराबादच्या टीमबरोबर मीटिंग असते. त्यामुळे कामाच्या दिवशीचं हे झटपट जेवण मी आजवर रविवारीच होताना पाहत आले. दुपारी तीनला सुरू, रात्री नऊला पानं.

तीनला मासा बाहेर येतो. मासा म्हणजे डोकं, शेपूट, खवले या सगळ्या नातेवाइकांशी संबंध तोडलेली एक लांब नारिंगी फिले. ती कापण्याआधी प्रवचन. दुकानात मिळणारा अटलांटिक सॅमन बहुतेक पाळलेला, नॉर्वेचा नाहीतर चिलीचा. आपल्या इथला पॅसिफिक जंगली, त्याच्या पाच जाती. किंग, सॉकाय, कोहो, पिंक, चम, अशी नावं भाऊ पांडवांच्या चालीवर सांगतात. समुद्रातला सॅमन कोलंबीच्या कुळातले बारीक जीव खाऊन लाल होतो, पाळलेल्याला तोच रंग खाद्यातून पुरवतात. मे महिन्यात अलास्कातल्या कॉपर नदीचा पहिला सॅमन विमानानं इथे येतो तेव्हा त्याच्यासाठी विमानतळावर लाल गालिचा अंथरतात, हे सांगताना भाऊ हळवे होतात. (आम्ही पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा न्यायला येणारा मित्रसुद्धा उशिरा आला होता. पण आम्हाला मॅरिनेट करून कोणी खाणार नव्हतं, हेही खरं.)

मग काटे. फिलेत काटे नसतात असं दुकानदार समजतो, भाऊ समजत नाहीत. वाडगा पालथा घालायचा, त्यावर फिले आडवी टाकायची, म्हणजे ती मध्ये उचलली जाते आणि रुतून बसलेल्या काट्यांची टोकं वर डोकावतात. बोटाच्या पेरानं चाचपायचं, टोक चिमट्यात धरायचं आणि काटा ज्या दिशेला कललाय त्याच दिशेला सावकाश ओढायचा. उभा उपटला तर मांस फाटतं. हे काम भाऊ देखणं करतात. चष्मा कपाळावर, जीभ दातांच्या मध्ये, आणि निघालेला प्रत्येक काटा पेपर टॉवेलवर ओळीनं मांडलेला. चिमटा वहिनींचा, भुवयांचा. वहिनींनी दुसरा आणला, तोही मासळी खात्यात वर्ग झाला. हल्ली त्यांच्या भुवया जरा दाट दिसतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

काटे झाले की तुकडे पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात. नाहीतर भाजताना वर पांढरा साका येतो. ते माशातलंच प्रथिन, खायला चालतं, पण भाऊंना चालत नाही. मग टिपून कोरडे करायचे. मग मॅरिनेशन: सोया सॉस, मध, तिळाचं तेल, किसलेलं आलं, ठेचलेला लसूण आणि रेवदंड्याहून आलेला मसाला चमचाभर. हे वीसच मिनिटं. लिंबू अगदी शेवटी. “लिंबू पिळून तास-दोन तास ठेवलंत तर बाहेरून खडू लागतो,” भाऊ बजावतात, आणि हे मात्र अगदी खरं आहे, तुम्हीही लक्षात ठेवा. आलं वहिनी किसतात. लसूण वहिनी सोलतात. भात वहिनी लावतात, काकडी वहिनी चोचवतात, सोलकढीसाठी नारळाचं दूध वहिनी काढतात. भाऊ मिसळतात. मिसळून झालं की चमच्याच्या टोकावर चव घेतात, डोळे मिटतात आणि पाहुण्यांकडे वळून म्हणतात, “बघितलंत? काहीच करायचं नसतं.”

दहा मिनिटांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नसतं. ओव्हन ४०० फॅरनहाइटला तापायला पाव तास लागतो, पण तो ओव्हनचा वेळ, भाऊंचा नव्हे. मासा आत गेला की भाऊ ओव्हनच्या दारासमोर उकिडवे बसतात, हातात थर्मामीटर. माशाच्या पोटातलं तापमान १४५ फॅरनहाइट झालं पाहिजे असा अमेरिकन सरकारचा सल्ला आहे. भाऊ १२५ला बाहेर काढतात. एरवी हा माणूस रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल सिग्नलला थांबतो, ग्रीन कार्डाच्या फॉर्मची झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवतो. सरकारशी त्यांचा जो काही झगडा आहे, तो या वीस अंशांत आहे.

शेवटची दोन मिनिटं वरची जाळ-पट्टी. तिथे मध करपतो, धूर होतो आणि छताचा अलार्म किंचाळायला लागतो. हे दर वेळी होतं. यावर भाऊंनी कायमचा उपाय काढलाय: पाहुण्यांतल्या सगळ्यात उंच माणसाच्या हाती टॉवेल देऊन त्याला अलार्मखाली उभं करायचं. आमचे हे सहा फूट आहेत. आम्हाला इतक्या वेळा आमंत्रण का येतं याचा मी पूर्वी विचार करायची, आता करत नाही. ते हात वर करून टॉवेल फिरवत असतात, वहिनी खिडक्या उघडत असतात, मुलगा कानांवर हेडफोन चढवतो, आणि त्या कोलाहलात भाऊ ट्रे बाहेर काढून काहीतरी ओरडतात. ऐकू येत नाही, पण ओठांवरून कळतं.

भांड्यांबद्दलही लिहायला हवं. भाऊ भांडी घासत नाहीत, ‘भिजत घालतात’. त्यांच्या घरी भिजत घातलेली भांडी रात्रीतून आपोआप लखलखीत होतात. त्या वेळी वहिनी स्वयंपाकघरात असतात, हा योगायोग.

आणि एवढं सगळं होऊन मासा चांगला होतो, हीच खरी पंचाईत. वरून चकचकीत, कडेला जरासा करपलेला गोडसर तिखटपणा, आत पाकळ्या सुटणारा, ओलसर. वाईट झाला असता तर हे सगळं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात भाऊंच्या आई सहा महिन्यांसाठी आल्या. आल्या आल्या भाऊंनी त्यांना पाइक प्लेस मार्केटला नेलं. तिथले कोळी अख्खा मासा या टोकाहून त्या टोकाला फेकून झेलतात, टाळ्या पडतात. आजींनी विचारलं, “पडला तर तोच विकतात का?” मग बॅलर्डच्या जलद्वारांशी नेलं. समुद्राचं खारं पाणी आणि तळ्याचं गोडं पाणी तिथे भेटतं, आणि माशांना वर चढता यावं म्हणून २१ पायऱ्यांची शिडी बांधलेली आहे. खाली तळघरात काचा आहेत, त्यातून चढणारे सॅमन दिसतात. आम्हीही बरोबर होतो. ऑगस्ट होता, म्हणजे किंग सॅमनची ऐन गर्दी आणि नेमका श्रावण. हाताएवढे लांब मासे काचेपलीकडे प्रवाहाला तोंड देऊन डुलत होते. एकाच्या पाठीवरचं कातडं खरचटून पांढरं पडलं होतं.

“बघ आई, जिथे जन्मले तिथेच परत येतात. समुद्रातून, एवढ्या लांबून,” भाऊ म्हणाले. आवाज भरून आला होता. इकडच्या प्रत्येक मराठी माणसाचा त्या काचेसमोर येतो. परत येतात, अंडी घालतात आणि मरतात, असं ते वाक्य पुरं करण्याची आमच्यात पद्धत नाही.

आजी बराच वेळ बघत होत्या. “आपला जिताडा उलटा,” त्या म्हणाल्या. “तो अंडी घालायला नदीतनं खाली खाडीत उतरतो.” मग थोड्या वेळानं: “एवढे समोरून जातायत आणि कोणी धरत नाही. इथेही श्रावण पाळतात वाटतं.”

श्रावण संपला, गणपती आले, गेले. त्यानंतरच्या एका बुधवारी मी वहिनींचा डबा परत द्यायला गेले तर भाऊ ओट्याशी. हैदराबादची मीटिंग त्यांनी पुढे ढकलली होती. अशी गोष्ट त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच घडत असावी. आजींना उंच स्टुलावर बसवलं होतं आणि त्या परीक्षकाच्या नजरेनं सगळं बघत होत्या. “कल्ला उचलून बघितला नाहीस आणि घेतलास?” भाऊ म्हणाले, कल्ला येतच नाही. “मग ताजा कशावरून?” यावर प्रवचनकाराकडे उत्तर नव्हतं. त्या दोन-तीनदा उतरायला लागल्या, लसूण तरी सोलते म्हणाल्या. भाऊंनी त्यांना बसवून ठेवलं आणि लसूण स्वतः सोलला. वाईट सोलला. अर्ध्या पाकळ्या सालासकट गेल्या.

अलार्म वाजला. उंच माणूस नव्हता, मी खुर्चीवर चढले.

भाऊंनी मधला जाड तुकडा आजींच्या ताटात वाढला. आजींनी तो पाहिला, मग ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हा मुलाला दे. मला शेपटीकडचा दे.”

शेपटीकडचा भाग पातळ. बाकीचा शिजेपर्यंत तो कोरडा पडतो. भाऊ तेच सांगायला लागले. “मला तोच आवडतो,” आजी म्हणाल्या. आता आपल्याकडे कुठल्या आईला शेपटीकडचा तुकडा आवडत नाही? आमच्या आईला आवडायचा, सासूबाईंना आवडतो. पोळ्यांतली शेवटची लहान पोळी आवडते, आंब्याची कोय आवडते, खालची करपलेली खीर तर फारच आवडते. घराघरातली ही आवड इतकी एकसारखी कशी, हे कोणाला कधी विचारावंसं वाटलेलं नाही. जो मधला तुकडा खात असतो त्याला तर नाहीच नाही.

भाऊंनी ट्रेमधला शेपटीकडचा तुकडा उचलला आणि उभ्या उभ्या तोंडात टाकला. मग ट्रेमधली रिकामी जागा आईला दाखवली.

आजींनी घास घेतला आणि “अग्गं बाई, भाजलं की,” म्हणून तोंडापुढे हात हलवला. त्यांच्या हातचे मासे सगळ्या घरानं चुलीवरून थेट पानात गरम खाल्ले. त्या स्वतः बसेपर्यंत उरलेसुरले गार झालेले असत. फुंकर घालून मासा खायची त्यांना सवयच नव्हती. मग नीट खाल्ला. निकाल दिला: आगळ हवं होतं, मध कशाला घातलास, माशात कोणी गोड घालतं का. आणि दुसरा तुकडा मागितला.

“किती वेळ लागला रे तुला हे करायला?” त्यांनी विचारलं.

मी आणि वहिनींनी एकमेकींकडे पाहिलं. भाऊंनी तोंड उघडलं, बंद केलं. आईकडे एकदा बघितलं, ओट्याकडे बघितलं, तिथे लसणाची सालं पडली होती.

“तीन तास,” भाऊ म्हणाले.

“तेवढा लागतोच,” आजी म्हणाल्या, आणि भातावर सोलकढी ओतून घेतली.

त्या रात्रीची भांडी भाऊंनी घासली, असं वहिनी छातीठोक सांगतात. भिजत न घालता, ट्रेसकट. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे इथे लिहीत नाही.