युवराजांची पहिली घंटा

महाशक्ती घेऊन जन्मलेली पोरं एका छताखाली आणून माणसाळवायची, ही कल्पना हॉलिवूडची नव्हे, इंग्रज साहेबाची. अजमेरच्या मेयो कॉलेजात १८७५ साली पहिले विद्यार्थी म्हणून अलवरचे राजे मंगलसिंह आले ते हत्तीवरून, तीनशे नोकरांचा लवाजमा घेऊन. दप्तर किती जणांनी उचललं, ते विचारू नये.

रायपूरचं राजकुमार कॉलेज त्याच जातकुळीतलं. १८८२ साली जबलपूरला निघालं, १८९४ मध्ये रायपूरला आलं. छत्तीसगड-ओडिशाच्या संस्थानांचे वारस तिथे घडवायचे होते. ज्याला पाहून रयत वाकते, अशा कोवळ्या देवाला पहिल्याच दिवशी उभं राहून ‘हजर’ म्हणायचं! बरं, शेजारच्या बाकावरही राजाच. मुजरा कोणी कोणाला करायचा? साहेबाचा हिशेब मात्र सरळ होता: राज्य खालसा केलं की बोभाटा होतो, राजाला शिकवलं की होत नाही. नागपूरकर भोसल्यांचं राज्य छत्तीसगडासकट १८५४ मध्ये गिळून त्याने यातला पहिला मार्ग करून पाहिलाच होता.

आता संस्थानं गेली, युवराज उरले, घरटी एक. जूनच्या उकाड्यात रायपूरच्या कोणत्याही नामांकित शाळेचं फाटक बघा. इलॅस्टिकचा टाय ओढत सुपरहिरो पुढे. स्पायडरमॅन छापलेलं दप्तर बाबांच्या खांद्यावर, बाटली आजीच्या हातात, आईचा मोबाइल चित्रीकरणात. लवाजमा तोच, फक्त हत्ती पार्किंगअभावी रद्द.

पालकहो, दप्तर फाटकापाशी त्याच्या पाठीवर द्या आणि घरी जा.